पेनड्राइव्हवाले काका

आमच्या वाचनालयाचे काका हातातलं काम मोठ्याने बोलत करायचे. "आता खिडकी उघडून राह्यलो. आता पंखा लावला." मला दिसत नाही, म्हणून ही सवय. ती इतकी जडली की मी नसतानाही त्यांची बडबड चालू असे, आणि लोक हसत.

वाचनालयातल्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर त्यांनी मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला. तेव्हापासून मला वाचण्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागली नाही. केवढं सुख होतं ते!

पण गावात फोन लागला तर लागला, इंटरनेट नाहीच. म्हणून काका गिरडच्या डोंगरावर चढायचे. लोक नवस घेऊन तिथल्या दर्ग्याला जात, काका पेनड्राइव्ह घेऊन. वरच्या रेंजवर मोबाइलमध्ये पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, उतरवायचं, पेनड्राइव्हवर घेऊन खाली आणून लावायचं, की कॉम्प्युटर म्हणणार, याच्याआधी दुसरं हवं. पुन्हा डोंगर. "पाव्हण्यावानी हाये हे," काका वैतागायचे, "एकाले बलावलं त चार जण संगं येते."

काकांचं हृदय कमजोर, म्हणून डॉक्टरांनी डोंगर चढणं बंद करायला सांगितलं. मी हात जोडले, "काका, चालतंय ते राहू द्या."

"काऊन राहू दिऊ? कॉम्प्युटरचा नवा आवाज जोडाक्षरं नीट वाचते म्हणते. तुले अडखळत काऊन आयकू दिऊ?"

हट्टी माणूस. राग यायचा, आणि रागातही माया वाटायची.

जुना आवाज काढून झाला आणि नव्यासाठी नेमकं एक पॅकेज कमी पडलं. तेवढ्यासाठी काका निघाले ते अर्ध्या चढणीवर छाती धरून बसले. मुलाने त्यांना नागपूरला नेलं. इकडे कॉम्प्युटर मुका झाला.

एका दुपारी त्यांचा फोन आला. वाचनालयात मी एकटीच होते. आवाज पार खोल गेलेला. "पोरी, जुना आवाज परत बसवता येते. भेऊ नको, मी सांगतो तसं टाइप कर."

मी अक्षर अक्षर टाइप केलं. एंटर दाबलं.

"आता पडद्यावर काय आलं, वाच बरं."

मी पडद्यावरून बोटं फिरवली. नुसती काच. मग त्यांच्याही लक्षात आलं.

"मीच बिघडवून ठेवलं," ते म्हणाले आणि रडू लागले. मी "असं काय म्हणता" म्हणेपर्यंत रेंज गेली. संध्याकाळपर्यंत मी फोन लावत राहिले. लागला नाही.

पुढच्या आठवड्यात काका गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलाचा फोन आला. तो मात्र पहिल्या झटक्यात लागला, आणि शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला.