बांधावरची चिंबोरी

दामूला चिंबोरीचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्याचं, वेड होतं आणि भिवंडीच्या खाडीबांधावर चिंबोऱ्यांना तोटा नव्हता. त्यामुळे १९८३ साली नगरपालिकेनं त्याला त्याच बांधाच्या राखणीला नेमलं, तेव्हा गाव पोट धरधरून हसलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सखल वस्ती आणि नूर मोहम्मदसारख्या मागवाल्यांचे लूम. रोज बांध पायी तपासायचा, नाल्याच्या झडपेत अडकलेला सुताचा गुंता ओढून काढायचा, बिळं चिखलानं बुजवायची, हे दामूचं काम. बुजवता बुजवता त्याच्या ध्यानात आलं, की चिंबोरी करते ते बीळ हाताएवढं. तिच्यापायी माणूस कुदळीनं खणतो त्यात टोपली मावते. तो खणणाऱ्यांना अडवू लागला. लोक म्हणाले, "आधी तू खायची सोड."

गडी पेटला. त्याच दिवशी त्यानं चिंबोरी सोडली. दारू सोडणारे पुष्कळ पाहिलेत, पण खाडीकाठच्या आगरी पोरानं चिंबोरी सोडावी म्हणजे कमालच झाली!

पुढच्या वर्षी गटारीला राहनाळच्या सासुरवाडीचं बोलावणं आलं. अवसेचं उधाण, भरती भर दुपारी. दामूनं सकाळीच बांधावरून फेरी मारली आणि पाणी चढायच्या आत परतायचं म्हणून पान लवकर वाढायला सांगितलं. पानात चिंबोरीचा रस्सा! मेव्हणा सावळाराम कौतुकानं म्हणाला, "बाजारातल्या न्हाय भावजी, तुमच्याच बांधावरच्या हायेत. पहाटे ओहोटीला खणल्या. वरनं माती पन लोटली." त्याला वाटलेलं, शपथ लोकांना दाखवायची, घरात कोण बघतंय!

जावई भरल्या पानावरून उठला. सायकल काढली आणि निघाला. बायको काशी बघतच राहिली. अपमानानं तापलेला सावळाराम, पहाटेची कुदळ तशीच अडकवलेल्या आपल्या सायकलवरून, भांडायलाच त्याच्यामागे गेला.

बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं, तेही गढूळ. म्हणजे आतली माती सुटली होती. दामू खाडीच्या अंगानं छातीभर पाण्यात उतरला, पायानं भोक चाचपलं आणि पाठ लावून दाबून धरलं. वस्तीतून नूर मोहम्मद ओरडला, "दामूभाई, बोरे भेजता हूँ!" सुताच्या रिकाम्या गोण्या आल्या. सावळाराम भांडण विसरून त्या बोऱ्यांत चिखल भरू लागला, ज्या कुदळीनं खणलं होतं त्याच कुदळीनं.

"भावजी, माझ्या हातनं वस्ती बुडाली असती."

"बुडली न्हाय ना? बोरा दे."

भरती उतरेपर्यंत दोघं पाण्यात होते. बांध टिकला. असा माणूस प्रत्येक शहराला एक तरी मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर सावळारामच्या घरी गटारीला चिंबोरी शिजली नाही. १९९६ साली दामू निवृत्त झाला, तेव्हा सावळारामनं त्याला जेवायला बोलावलं. "बाजारातनं आनल्यात, भावजी. आता तरी खा."

दामूनं पानाकडे पाहिलं आणि तो उठला. "आलोच," म्हणून तो सायकलवर बसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांध कुठं खणलेला नाही ना, ते बघून आला. तोवर रस्सा निवला होता आणि घरात कुणीही पानाला हात लावला नव्हता.

"बसा रे," दामू म्हणाला आणि पहिली नांगी त्यानं सावळारामच्या पानात ठेवली.