अर्धा देश पाहिलेल्या काकू

आमच्या शिवकांताकाकूंनी अर्धा देश पाहिला होता. ही अतिशयोक्ती नाही. हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी हत्ती पाहिले, जिराफ पाहिले आणि वाघ-सिंहांच्या पाटीजवळून सरळ मागे फिरल्या. जयपूरचा किल्ला त्या मधल्या चौकापर्यंत चढल्या. म्हैसूरचा राजवाडा दिवसा पाहिला आणि संध्याकाळी दिवे लागायची वेळ झाली तेव्हा त्याच्याकडे पाठ करून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसल्या. कुल्फी घेतली तरी निम्मी खाऊन उरलेली माझ्या मुलाच्या हातात द्यायच्या. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं.

"बास की बाई. निम्मं ऱ्हाऊ द्या त्यांच्यासाठी."

'ते' म्हणजे अप्पा, काकूंचे यजमान. लातूरला त्यांच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मी शाळेत शिकवते म्हणून अख्खी गल्ली मला 'बाई' म्हणायची, काकूही तसंच म्हणत. अप्पांचं गंजगोलाईच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं. जन्मभर ते बायकोला म्हणत आले, "हा सीझन होऊ दे, मग तुला दिल्ली-आग्रा दाखवतो." सीझन काही संपला नाही. मग एका सकाळी अप्पांना लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. दुकान पुतण्याकडे गेलं आणि अप्पा खाटेवर आले.

खाटेवरून त्यांनी पहिला हुकूम सोडला तो हा की आम्ही सुट्टीत कुठं निघालो की काकूंनी आमच्याबरोबर जायचं. "मी न्हाई बघितलं तर न्हाई. तू बघून ये अन् मला सांग." तेवढ्या दिवसांसाठी काकूंची नणंद उदगीरहून अप्पांजवळ येऊन राही.

काकू यायच्या, पण चोरी करायला निघाल्यासारख्या. स्टेशनवर ओळखीचं कुणी भेटलं तर न विचारताच सांगायच्या, "त्येनीच धाडलंय ओ, मी न्हाई म्हनत व्हते." एकदा मी जरा वैतागून म्हटलं, "काकू, तिकीट काढलंय, आत चला की." तर म्हणाल्या, "त्येंचं निम्मं अंग गेलं, बाई. मी पुरं कोणत्या तोंडानं बघू?" त्या बाहेर बाकावर बसत आणि आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. त्यांच्या मांडीवर पिशवी ठेवताना मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. तरी मी ठेवायचीच; मुलं मागे लागलेली असत आणि हात मोकळे हवे असत.

परत आल्यावर मात्र काकूंचा नूर बदलायचा. हातपाय धुऊन, विभूती लावून त्या अप्पांच्या खाटेशी बसत आणि सांगायला लागत. जिराफाची मान, राजवाड्याचे खांब, रेल्वेत शेजारी बसलेल्या बाईचं लुगडं, काही सुटत नसे. मध्येच श्वास घ्यायला थांबल्या की अप्पा म्हणत, "फुडं?" लकव्यानं तोंड वाकडं झालेलं, बाकीचं बोलणं जड यायचं; हा एक शब्द मात्र स्वच्छ यायचा.

पण अप्पा डाव्या हातानं मोबाइल चालवायला शिकले होते आणि दिवसभर गावोगावचे व्हिडिओ बघायचे. त्यामुळे काकू काय सोडून आल्या हे त्यांना पक्कं कळायचं. "वाघ?" ते विचारत. काकू पदराशी चाळा करत. असं दोन-तीनदा झालं. आम्ही आग्र्याला निघालो त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं आणि माझ्यादेखत काकूंना बजावलं.

"ह्या बारीला पुरं बघून ये. निम्मं बघितलं तर मला काईच सांगू नको. मी ऐकनार न्हाई."

काकू एवढ्या घाबरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. प्रवासभर त्यांनी धड काही खाल्लं नाही. ताजमहालाच्या दारात तपासणीचं यंत्र त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीपाशी वाजलं. गार्डबाई काढा म्हणाली. काकू म्हणाल्या, "ये देव है बाई, गळे में ही रहता. उतारते नहीं." अडवलं तर बरंच, अशी त्यांना मनातून आशा असावी. पण त्या बाईनं डबी उघडून आत पाहिलं, हात जोडले आणि त्यांना पुढं सोडलं. आता सबब उरली नाही.

काकू आत आल्या. कमानीतून तो पांढराशुभ्र घुमट दिसला तशा जागीच थांबल्या. मला वाटलं, झालं, आता फिरणार मागे. पण त्या चालायला लागल्या. भिंतीवरच्या दगडी फुलांवरून बोट फिरवत साऱ्या बाजूंनी हिंडल्या. यमुनेकडच्या बाजूला एका पंजाबी म्हातारीशी आपापल्या भाषेत गप्पा मारत बसल्या. घुमटाचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो माझ्या मुलानं काढायला लावला, तेव्हा चिमूट नीट जमेना म्हणून हसून हसून खाली बसल्या. शिट्ट्या वाजवून लोकांना बाहेर काढायला लागले तेव्हा सगळ्यांत शेवटी निघाल्या.

रिक्षात बसल्यावर त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"बाई, मला त्येंची याद आली न्हाई. येकदा बी न्हाई. कशी वो मी बाई अशी?"

मी खूप समजावलं. त्या ऐकत नव्हत्या. आपल्या हातून पाप घडलं, असंच त्यांच्या मनानं घेतलं होतं. लातूरला उतरल्यावर म्हणाल्या, "तुमी संगट चला. मी येकटी सांगू न्हाई शकत." मी गेले. काकू खाटेशी बसल्या. जिराफाची मान जशी रंगवून सांगत, तसं काहीच नाही. मान खाली घालून त्यांनी एका दमात सांगून टाकलं की पुरं बघितलं, आणि बघताना तुमची आठवणसुद्धा झाली नाही.

अप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेवढा वेळ मी तुझ्या मानंवर नव्हतो म्हन की," ते म्हणाले. "तू निम्मं ठिवून यायचीस, तवा मला वाटायचं, मीच तुझ्या वाटंत आडवा पडलोय. आता सांग. मला इसरलीस ते सांग."

पुढं ते कुणीही भेटायला आलं की अभिमानानं सांगत, "हिनं मला आग्र्यात इसरून टाकलं." पाहुणे हसत. काकू उठून स्वयंपाकघरात जात. अप्पांना जो तास सगळ्यांत गोड वाटला, तोच काकूंना शेवटपर्यंत टोचत राहिला.

अप्पा गेले. त्यानंतर काकूंनी उंबरा ओलांडायचं जवळजवळ बंद केलं. पुढं कधीतरी उमरीला माझ्या भावाकडं जायचं होतं, तेव्हा मी त्यांना हट्टानं बरोबर नेलं आणि येताना नांदेडला मुक्काम केला. गुरुद्वारात दर्शन घेतलं, लंगरमध्ये जेवलो. संध्याकाळी बागेत रंगीत कारंजी आणि दिव्यांचा खेळ होता. तो अर्ध्यावर आला आणि काकू सवयीनं उठल्या. फाटकापर्यंत जाऊन तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग परत येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि शेवटपर्यंत बघितलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीत लोहा गाव आलं तेव्हा त्यांनी मला कोपरानं हलवलं. मग म्हणाल्या, "पुरं बघितलं, बाई. पन सांगितल्याबिगर पुरं झाल्यावानी वाटंना."

"मला सांगा की," मी म्हटलं.

मी शेजारी बसून तेच सगळं पाहिलं होतं. तरी काकू सांगू लागल्या. पाणी कसं उसळलं, कोणत्या रंगाचं झालं, पुढच्या रांगेतलं पोर कसं दचकलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला होता. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. मी अप्पांसारखंच विचारलं, "फुडं?"

काकूंनी पदर सारखा केला आणि खिडकीकडं वळल्या.

"बास की बाई. निम्मं ऱ्हाऊ द्या त्यांच्यासाठी."