बारशाचा पाट

बारशाला माझी ताई पाटावर एका अंगावर कलून बसली होती. आत्या म्हणाली, "नीट मांडी घाल गं, ओटी भरायचीय. आम्ही काय बाळंत झालो नाही?" बायका हसल्या.

टाके अजून दुखतात, हे ताईने फक्त मला सांगितलं होतं. बाळंतपणात बाळाचं डोकं दिसू लागलं तरी भोवतीच्या सगळ्याजणी "जोर लाव" म्हणत राहिल्या. कुणी खाली हाताचा आधार देऊन "आता हळू" म्हटलं असतं, तर कदाचित एवढं फाटलं नसतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या.

बाळाचं वजन मात्र प्रत्येकीने विचारलं. आईला काय झालं, हे विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

ताईने ओठ दाबून मांडी घातली. मी शेजारीच होते. सगळ्या बघतील म्हणून उशी आणायलाही उठले नाही.