अर्ध्या किमतीचं भांडं

रोझेला ह्रुस्का गावातल्या बिअरच्या कारखान्यात एकवीस वर्षं बाटल्यांच्या पट्ट्यापुढे उभी होती, पण बाटलीत जे येतं ते कसं तयार होतं याची पंचाईत तिने कधी केली नाही. ते काम तिच्या थोरल्या भावाचं. लँबर्ट वरच्या मजल्यावर, तांब्याच्या हंड्यांपाशी असायचा. जव किती गरम पाण्यात भिजवायचा, कधी निथळायचा, हे तीस वर्षं त्याच्या शब्दावर चाललं. मग बाहेरच्या कुणी कारखाना विकत घेतला, बिअरचं नाव तेवढं उचलून दुसऱ्या राज्यात नेलं आणि इमारतीला कुलूप लावलं. हंडे कापून भंगारात गेले. त्या दिवशी लँबर्ट सरोवरावर मासे धरायला गेला होता, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आला होता.

त्याने लग्न केलं नाही. रोझेलाचा नवरा गेल्यावर दोघं आईवडिलांच्या जुन्या घरात एकत्र राहू लागली. पुढे एका जुलैत लँबर्टला झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागे. बोलणं महिन्याभरात परत आलं. टोमणे तर त्याच्याही आधी आले.

सप्टेंबरच्या शेवटी एकदा नाश्ता करताना तो म्हणाला, "रोझी, मला बिअर करायचीय. घरी."

"डब्यात तयार पाक मिळतो म्हणे. पाण्यात ढवळला की झालं."

"मग उद्यापासून जेवणही डब्यातलंच वाढ मला. जवापासून करायचीय. नीट."

"आणि उचलायचं कुणी? तुझ्या हाताने कॉफीचा कप उचलत नाही."

"हात तुझे. डोकं माझं," लँबर्ट म्हणाला. मग म्हणाला, "पण लवकर करू या."

रोझेलाने त्या 'लवकर'कडे लक्ष दिलं नाही. आजारी माणसाला सगळंच लवकर हवं असतं, असं तिला वाटलं.

घरी बिअर करणाऱ्यांसाठी ग्रीन बे शहरात एक दुकान होतं. मारेन नावाची पस्तिशीची बाई ते चालवायची. ऑक्टोबरात दोघं तिथे गेली, तेव्हा तिने त्यांना कोपऱ्यात मांडलेला सरंजाम दाखवला: तीन स्टीलची भांडी, लोखंडी मांडणी, मधे पंप, नळ्यांचं जाळं. किंमत ऐकून रोझेलाने पर्सची चेन लावून टाकली.

"दोनशेच्या वर एक डॉलर नाही," ती म्हणाली.

"त्यातही होईल," मारेन म्हणाली, "पण मग काय लागतं आणि काय नुसतं मिरवायला असतं, ते वेगळं करावं लागेल."

लँबर्ट काठी टेकून त्या मांडणीभोवती एक फेरी मारून आला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली तरतरी होती.

"पंप नको. तीन भांडी नकोत. एकच भांडं, आणि त्यात जवासाठी पिशवी. रंगवाले रंग गाळायला वापरतात ना, ती जाळीची. तीन-चार डॉलरला मिळते. जव तुम्ही इथेच भरडून देता?"

"देते."

"मग गिरणीही नको. आंबवायला बादली सँडविचच्या दुकानातून आणू, लोणच्याची असली तरी घासून घेऊ. पण थर्मामीटर मात्र चांगला घ्यायचा. तिथे कंजुषी केली तर बाकी सगळं पाण्यात. दोन-चार अंश इकडचे तिकडे झाले की बिअर एकतर पाणचट होते, नाहीतर खिरीसारखी गोड."

तो बोलतच राहिला. जव भिजल्यावर वास कधी पालटतो, निथळताना घाई केली तर काय होतं, हॉप्सची सुकी फुलं कधी टाकली तर नुसता कडवटपणा येतो आणि कधी टाकली तर वास राहतो. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी विसरून ऐकत उभी राहिली. मारेनने पेन्सिल उचलली. "लिहून घेऊ का? तुम्हालाही एक प्रत देते."

"कशाला?" रोझेला म्हणाली. "तो उभाच असणार आहे की माझ्या डोक्यावर."

उरलं मोठं भांडं. मारेनकडे चांगलं स्टीलचं होतं, पण शेगडीसकट ते घेतलं तर दोनशेतले थोडेच उरत होते. लँबर्टला तेच हवं होतं, आत्ताच. रोझेलाने त्याला बाजूला घेतलं.

"अरे, टर्की तळायचं ॲल्युमिनियमचं भांडं मिळतं की, गॅसच्या शेगडीसकट. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की तेच अर्ध्या किमतीला टाकतात. तेव्हा घेऊ."

"दोन महिने?"

"भांडं काय पळून जातंय?"

लँबर्टने स्टीलच्या भांड्याच्या काठावरून डावा अंगठा फिरवला. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुझे पैसे, तुझं राज्य."

बाकीच्या वस्तू रोझेलाने हौसेने जमवल्या. सँडविचवाल्याने बादली फुकट दिली. सोडा घालून चार वेळा घासली तरी झाकणाला लोणच्याचा वास राहिला, म्हणून झाकण दुसरं शोधलं. ओल्या जवाची पिशवी बरीच जड होते, ती भांड्यातून वर कशी उचलायची, हा प्रश्न होता. लँबर्टने गॅरेजच्या तुळईकडे बोट दाखवलं. शिकारीच्या दिवसांत हरीण टांगायची कप्पी आणि दोर तिथे होताच. दोर डाव्या हाताने ओढता येत होता. त्या दिवशी त्याने रिकामी पिशवी दहा वेळा वरखाली केली.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी रोझेला पहाटे दुकानापुढे रांगेत उभी राहिली. आत पोचली तोवर भांडी संपली होती. विक्रेता म्हणाला, जानेवारीत उरलेला माल निघेल तेव्हा या. ती थांबली. एवढं थांबलोय तर आणखी थोडं, असा तिचा हिशेब.

डिसेंबरात लँबर्टने दोनदा पाणी न घालताच कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं. एकदा तो गाडी धुवायला बाहेर गेला, आणि बर्फात उभा राहून आपण का आलो हे आठवत राहिला. रोझेलाने ते आजारपणाच्या खाती टाकलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, असे बारीक झटके येत राहू शकतात, लक्ष ठेवा. ती लक्ष ठेवू लागली, म्हणजे चूल आपणच पेटवू लागली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भांडं चौतीस डॉलरला मिळालं. ते गाडीत घालून आणताना ती आनंदाने गुणगुणत होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्यांनी गॅरेजचं दार उघडून शेगडी पेटवली. लँबर्ट शिकारीचा कोट घालून खुर्चीत बसला होता, मांडीवर थर्मामीटर. रोझेलाने पाणी तापवलं, पिशवी लावली, जव ओतत ढवळलं. गॅरेजभर गरम पावाचा वास पसरला आणि तिला बंद पडलेला कारखाना आठवला; त्या वासाखाली ती वाढली होती. लँबर्टने थर्मामीटर आत धरला.

"एकशे बावन्न फॅरनहाइट," तो म्हणाला. "झाकण लाव. रजई गुंडाळ."

तासाभराने त्याने दोर ओढला. जड पिशवी निथळत निथळत वर आली, आणि तो हसला. "बघ, पंप नको म्हणालो होतो ना?"

पुढे गोड काढा उकळायचा होता. रोझेलाने आच वाढवली आणि हॉप्सची पुडी त्याच्या हातात दिली. "हं, सांग. कधी टाकायचे?"

लँबर्टने पुडी उलटसुलट करून पाहिली. वास घेतला.

"हे काय आहे?"

"नाटकं करू नकोस. उकळी येतेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. थट्टा करताना त्याची डावी भुवई वर जायची. ती जागची हलली नव्हती.

"दुसऱ्या पाळीची माणसं कुठायत?" तो म्हणाला. "त्यांना बोलाव. मी एकटा किती बघू?"

काढा फेसाळून शेगडीवर उतू गेला आणि जळका गोड धूर उठला. रोझेलाने गॅस कमी केला. मग खिशातून फोन काढून मारेनला लावला. "हॉप्स कधी टाकायचे?" तिने विचारलं. "हो, तो आहे इथे. नाही, तो सांगत नाहीये." मारेनने सांगितलं तसं तिने पुठ्ठ्यावर मिनिटं लिहून घेतली आणि घड्याळ बघत हॉप्स टाकले. भांडं धुण्याच्या टाकीत बर्फपाण्यात ठेवून गार केलं, बादलीत ओतलं, वर यीस्ट पसरलं. 

दुपारी तो भानावर आला. स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्यावर म्हणाला, "मी विसरलो ना?"

"थोडं."

"मला कळत होतं गं. उन्हाळ्यापासून कळत होतं. एकेक चाललं होतं. वाटलं, ते संपायच्या आत एकदा हातांनी करून घ्यावं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हणालो होतो, लवकर."

रोझेलाने टेबलावरची मिठाची बाटली सरळ केली. ऑक्टोबरात तो दुकानात उभा राहून तासभर बोलला होता. तेव्हा भांडं घेतलं असतं, तर पुढच्याच शनिवारी बिअर चुलीवर असती. तिने शंभर-एक डॉलर वाचवले होते. त्यांचं पुढे काय केलं, तेही तिला आठवेना. बहुधा मफलर घेतला, नाहीतर गॅसचं बिल भरलं.

मार्चच्या शेवटी बाटल्यांत भरलेली बिअर तयार झाली. रंग चांगला होता, फेस टिकत होता. लँबर्टने अर्धा पेला पिऊन पाहिला.

"कशी आहे?"

"बरी आहे," तो म्हणाला. "कुणी केलीय?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण?"

एप्रिलमध्ये त्याला आणखी एक झटका आला. पाय पूर्ण गेला, आणि घरात ठेवणं रोझेलाला झेपेना. काउंटीच्या शुश्रूषागृहात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली. ती दर रविवारी जायची. आधी ती त्याला कारखान्याचं विचारून बघायची. पाणी किती गरम, निथळायचं कधी. तो भल्या माणसासारखा ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "तुम्हाला बरंच माहितीय." मग तिने विचारणं सोडून दिलं. ती त्याचं जेवण भरवायची, नखं कापायची, खिडकीबाहेर दिसेल ते सांगायची.

ऑगस्टात तळघर आवरताना तिला उरलेल्या अकरा बाटल्या दिसल्या. एक उघडली. बिअर आंबली होती, वास व्हिनेगरसारखा. दुसरी उघडली, तीही तशीच. बादलीत काहीतरी राहून गेलं असणार. कुठे चुकलं हे एका दृष्टिक्षेपात सांगणारा माणूस आता घरात नव्हता. तिने अकराही बाटल्या एकेक करून धुण्याच्या टाकीत ओतल्या, प्रत्येकीत पाणी घालून खळखळवलं आणि पालथ्या घातल्या. मग दिवा मालवला आणि वर जाऊन एकटीपुरते बटाटे सोलायला घेतले.