मामांचं लेक व्ह्यू

मेहकरला माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची पत्रकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, बियाण्याच्या दुकानांचे बोर्ड, तालुक्याच्या गावात जे जे छापावं लागतं ते सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून जातं. त्यामुळे मामा एका सकाळी वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवून "आपल्याले पाम्प्लेट काढाचं हाये" म्हणाले, तेव्हा मला त्यात काही धोका दिसला नाही.

मामांचं शेत जानेफळच्या रस्त्यावर आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबई-पुण्याच्या गाड्या मेहकरला खाली उतरतात आणि शेगावला जाताना मामांच्या बांधावरून पळतात. मामा बरेच दिवस बांधावर बसून त्या गाड्या बघत होते. एवढी माणसं जातात, त्यातली चार आपल्याकडे का थांबू नयेत, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी शेतात दोन खोल्या बांधल्या. पुढे पडवी, मागे बाथरूम, दारात बोगनवेल. पुण्याला राहणाऱ्या मुलाने फोनवर त्याला 'होमस्टे' म्हणायला सुचवलं. मामांना ते पटलं नाही.

"होमस्टे म्हंजे घरी राहा. घरीच राहाचं अशीन त माणूस बाहीर कायले निघन?"

म्हणून रिसॉर्ट. त्यांनी मोबाइलमधून एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. निळंशार पाणी, कडेने नारळाची झाडं, आणि काठावर गॉगल लावून पहुडलेली एक गोरी बाई.

"मामा, ही बाई कोण?"

"गिऱ्हाईक."

"आणि हे पाणी?"

"आपली हीर हाये ना. पाणी इतकं निळं नसन, पण हाये त खरं."

"नाव काय टाकू?"

"लेक व्ह्यू रिसॉर्ट."

"लेक कुठे आहे?"

"लोणारले."

"मामा, लोणार इथून तासभर लांब आहे. खोलीतून दिसणार कसं?"

"गाडीत बसून गेलं का दिसते," मामा म्हणाले. "पाम्प्लेटमधी अंतर लिवते का कोणी?"

गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं, हा धंद्याचा नियम. मी निळं पाणी, बाई आणि सोनेरी अक्षरांत 'लेक व्ह्यू रिसॉर्ट' असं सगळं बसवून दाखवलं. मामा खुर्चीतून उठले, मागे सरकून, मान तिरकी करून त्यांनी ते बघितलं, आणि वांगी पिशवीसकट मला देऊन प्रूफची एक प्रत घेऊन गेले.

संध्याकाळी मामींचा फोन आला. मामांनी घरी प्रूफ दाखवलं होतं.

"लेक व्ह्यू म्हंजे काय वं? पोरगी पाह्याचा कार्यक्रम?"

मला हसू आवरेना. पण मामी गंभीर होत्या.

"अन् थे बाई कोण? उद्या कोणी तिलेच भेटाले आलं त मी कोणाले दाखू? मी झोपू का हिरीवर गॉगल लावून?"

"मामांना तेच हवंय, मामी."

"त्याइले देजो ना तेच. कागदाले मागची बाजू असते का नाही?"

असते. मागच्या बाजूला काय छापायचं ते मामींनी फोनवर सांगितलं आणि मी ते पुस्तकी मराठीत उतरवत गेले. मधेमधे मीही भर घातली. आम्ही दोघी बराच वेळ फोनवर होतो, आणि माझ्या दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक मी एकटीच काय खिदळते आहे हे बघून पत्रिकेचा नमुना न बघताच परत गेलं. शेवटी मागची बाजू अशी झाली :

'पुढच्या बाजूला छापलेलं इथे काहीही नाही. एसी नाही. कूलर आहे, तो फार बोलतो. सकाळी मोर ओरडतात, तक्रार मोरांकडे करावी. खिडकीतून म्हैस आत बघते. तिला सवय आहे, आपणही करून घ्यावी. जेवायला भाकर, ठेचा आणि पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, झणझणीत भाजी. मेनू कार्ड मागू नये, मामी रागावतात. संध्याकाळी हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात. हाकलायला मदत करणाऱ्यास दुसरा चहा मिळेल.'

खाली मी खिडकीतून डोकावणारी म्हैस काढली. ती बरी जमली होती.

मामा गठ्ठे न्यायला आले तेव्हा त्यांनी एक पाम्प्लेट हातात घेतलं, बाई जागेवर असल्याची खात्री केली आणि उलटवून बघितलं. चष्मा त्यांच्या खिशात होता. चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो, असं त्यांचं ठाम मत आहे.

"मांगं काय लिवलं?"

"सोयी, जेवण, बाकीची माहिती."

"हे मस्त केलं तू. म्हैस कायले काढली पण?"

"शेतातलं आहे म्हणून."

"हाव, बराबर," मामा म्हणाले.

पुढचे काही दिवस मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फिरत होते. महामार्गाच्या उताराजवळचं चहाचं दुकान, पेट्रोल पंप, मेहकरचं बसस्टँड, सगळीकडे त्यांनी स्वतःच्या हाताने पाम्प्लेटं वाटली. माझ्या दुकानावरून जाताना थांबले.

"लोकं लई खुश होऊन राह्यले वं. पुढून पाह्यतात, मांगून पाह्यतात अन् हासतात. एकानं त माहा हात हाती घेतला. म्हने, असा मालक पाह्यला नाही."

मी मान हलवली आणि कॉम्प्युटरकडे तोंड केलं.

मग एका रविवारी मामींनी मला जेवायला बोलावलं. पाहुणे येणार आहेत हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पाम्प्लेटवरचा नंबर त्यांचा होता, हे मला तिथे गेल्यावर आठवलं. दुपारी शेगावकडून एक गाडी आली आणि आत वळली. पुण्याचं कुटुंब : नवरा, बायको, आणि नवऱ्याचे वडील, पांढऱ्या मिश्यांचे, बँकेतून निवृत्त झालेले. आजोबांच्या हातात पाम्प्लेट होतं. मामा हात जोडून पुढे झाले.

"म्हैस कुठली ती?" आजोबांनी विचारलं.

मामांना वाटलं म्हशींचा व्यापारी आहे. "इकाची नाही हो ते."

"विकत नको. भेटायला आलोय."

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी बोगनवेलीकडे बघायला लागले. तेवढ्यात सुनेने पाम्प्लेट उलटवलं आणि नवऱ्याला ऐकवायला मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून. कूलर आला, मोर आले, मामी रागावल्या. मामांचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू लाल झाला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मामींना अचानक चुलीवरचं दूध आठवलं आणि त्या आत गेल्या.

"हे कोणं लिवलं?" मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"मी छापलं फक्त."

"लिवलं कोणं?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"म्हंजे मी साऱ्या मेहकरात हिंडून सांगून राह्यलो का माह्याकडे काहीच नाही? इस्त्री करून?" असं म्हणून मामा विहिरीच्या काठावर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. पाहुणे मात्र पातोडीची भाजी डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा पुन्हा वाढून घेत होते, आणि म्हशीने खिडकीतून मुंडकं घातलं तेव्हा सुनेने तिचा फोटो काढून तिला भाकरीचा तुकडा दिला.

ऊन कललं तसे आजोबा अस्वस्थ झाले. ते दर थोड्या वेळाने पडवीत येऊन हरभऱ्याकडे बघत.

"आले का?"

"येतीन," मामी म्हणाल्या.

आले. बांधावरून एक मोठा निळसर नर आणि मागे चार-पाच माद्या, आपल्याच शेतात आल्यासारख्या आत उतरल्या. रुसून बसणं मामांना परवडण्यासारखं नव्हतं. ते विहिरीवरून उडी मारून "हो-हो-हो" करत धावले. आजोबांनी मामींच्या हातातून परात आणि लाटणं ओढून घेतलं आणि असा काही घंटानाद करत ते मामांच्या मागे निघाले की झाडावरचे मोर घाबरून ओरडू लागले. सून ओढणी गरगर फिरवत पळाली. नवरा मोबाइलवर शूटिंग करत होता, तो पाण्याच्या दांडात गुडघ्यापर्यंत गेला. रोही क्षणभर थांबले. त्यांनी ही सगळी मंडळी नीट बघितली, मग काही मोठं कारण नसल्यासारखे सावकाश पलीकडच्या शेतात निघून गेले. ते शेत मामांच्या चुलतभावाचं आहे. मामांना तेवढं पुरेसं होतं.

आजोबा धापा टाकत पडवीत टेकले. मिश्यांना माती लागली होती.

"मामा, उद्या परत येतील का हो?"

"येतीन ना. त्याइले बलवा नाही लागत."

"मग आम्ही उद्या थांबतो."

मामींनी दुसरा चहा आणला. मामा कप हातात घेत आजोबांना म्हणाले, "पाम्प्लेटमधी लिवलंच हाये ना आमी." त्यातलं 'आमी' ऐकून मामींनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

तरी मामांनी हिशेब चुकता केल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला न सांगता जानेफळच्या एका पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला आणि रस्त्याच्या कडेला रोवला : 'पाम्प्लेटच्या मागील बाजूवर विश्वास ठेवू नये. पोहायची सोय आहे. – मालक.' मी मामींना म्हटलं, आता काय करायचं? मामी म्हणाल्या, "राहू दे. दुरून दिसते." आता येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या बोर्डाशेजारी उभा राहून फोटो काढतो, आणि पोहता येणारे खरंच विहिरीत उतरतात. मामा काठावर दोर घेऊन उभे राहतात आणि मी तिथे असले की मला ऐकू जाईल अशा आवाजात पाण्याचा रंग विचारतात.

ते पाम्प्लेट कुणाच्या तरी बॅगेतून मलकापूरला पोचलं. स्टेशनसमोर एका चाचांचं वडिलांच्या वेळचं लॉज आहे. ते एसटीने माझ्या दुकानात आले. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा कुर्ता.

"बेटी, अस्संच पाहिजे. खरं खरं."

नेमके मामा दुकानात बसलेले होते. मी पेन हातात घेण्याआधीच त्यांनी सूत्रं घेतली.

"हे पाहा चाचा, गिऱ्हाइकाले आंधी सांगतलं का थे मंग भांडत नाही. आमी पयलेपासून असंच करून राह्यलो. बोला, तुमच्याकडं काय नाही?"

चाचा विचारात पडले. खोल्या स्वच्छ होत्या, पाणी भरपूर होतं, नाव ठेवण्यासारखं त्यांना पटकन सापडेना. मामांची निराशा झाली.

"असं कसं? काही त नसन."

"झोप नाही," चाचा शेवटी म्हणाले. "मालगाडी गेली की पलंग हलतो."

मी लगेच लिहून घेतलं : 'गाडी चुकण्याची भीती नाही. गाडी आली की पलंग उठवतो.' चाचांनी ते दोनदा वाचलं आणि दाढीतून हसले.

"बढिया. पण एक झूठ तो डालो बेटी. बिना नमक का खाना कोण खातो?"

असं म्हणून त्यांनी कुर्त्याच्या खिशातून स्वतःचा एक जुना फोटो काढला. काळेभोर केस, बारीक मिशी, हात कमरेवर ठेवून लॉजच्या दारात उभा असलेला देखणा तरुण. तो मोठा करून वर टाकायचा होता, खाली 'मालक' असं लिहून. मामांनी फोटो बघितला, चाचांकडे बघितलं, आणि फोटो माझ्यापुढे सरकवला.

मी तसंच छापून दिलं. अजूनही अधूनमधून कुणी प्रवासी ते पाम्प्लेट घेऊन चाचांच्या टेबलापुढे उभा राहतो आणि विचारतो, मालक कुठे आहेत. चाचा किल्ली पुढे करतात आणि सांगतात, "बाहेर गेलेत. बसा, येतीलच."