कापसाच्या गंजीसमोरचा फोटो

सरकीला एक वास असतो. तेलकट, उबदार, किंचित धुळीचा. उन्हात वाळवलेली गोधडी नाकाशी धरावी तसा. पांढुर्ण्याच्या स्थानकावर उतरले तेव्हा हिवाळ्याची सकाळ नुकती पिवळी होत होती, आणि फलाटाच्या टोकाशी हा वास संत्र्यांच्या वासात मिसळून जणू माझी वाट पाहत उभा होता. नाशिकला परतल्यावरही कित्येक दिवस तो माझ्या शालीतून गेला नाही.

खांद्यावरच्या पिशवीत दोन कॅमेरे होते. सौंसरची शालिनी ही माझी नागपूरच्या वसतिगृहातली मैत्रीण. तिच्या धाकट्या मुलीला, प्रणालीला, आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायचा होता. "मावशी, दुकानवाला नुसते मेगापिक्सल सांगून राहिला. मले आधी हातात धरून पाह्यचं आहे," असा तिचा फोन आला. म्हणून मी माझा जुना, जड, आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा आणि नवा, हलका, बिनआरशाचा (मिररलेस) असे दोन्ही घेऊन निघाले होते.

सौंसरच्या बसमध्ये शेजारी वांग्यांची टोपली घेतलेली एक बाई बसली. माझी पिशवी तिच्या गुडघ्याला लागत होती.

"काय आहे जी यात?"

"कॅमेरे आहेत. दोन."

"दोन काऊन? एकानं दिसत नाई का?"

मी पिशवी मांडीवर घेतली आणि बस निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली होती. मध्येच एखादी संत्र्याची बाग यायची, गर्द आणि ओलसर, फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेके दिलेली. पुन्हा पांढरे शेत, पुन्हा हिरवी सावली. खिडकीची चौकट आपोआप चित्रे कापत होती.

शालिनी दारातच उभी होती. "आली का व? किती वाळली. नाशकात जेवाले भेटत नाई का?" असे म्हणत तिने मला थेट स्वयंपाकघरात नेले. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचे भरीत आणि गरम सांबारवडी. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वडीच्या कुरकुरीत पापुद्र्याआड तिचा ओला हिरवेपणा दाताखाली येतो आणि प्रवासाचा शीण कुठच्या कुठे जातो.

जेवतानाच मला कळले की कॅमेऱ्याची खरी घाई प्रणालीला नव्हती. ती तिच्या मोठ्या बहिणीला, रोशनीला होती. रोशनी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या कार्यालयात काम करते. तिचा रंग इथल्या काळ्या, कसदार मातीचा आहे, उजेड शोषून मग हळूच परत देणारा. गेल्या वर्षी लग्नाच्या बोलणीसाठी तिचा फोटो स्टुडिओत काढला. स्टुडिओवाल्याने रिवाजाप्रमाणे, कुणी न सांगताच, कॉम्प्युटरवर तिला गोरेपान केले. तो फोटो पाहून पाहुणे आले.

"त्या बाईनं माह्या हातातून पोह्याची प्लेट घेतली," रोशनी हसत सांगत होती, "आन मलेच इचारलं, पोरगी कुठं आहे?"

ती हसत होती, पण भाकरीवरचा तिचा हात थांबला होता.

रविवारी पांढुर्ण्याचे लोक रोशनीला पाहायला येणार होते. त्याआधी त्यांना फोटो पाठवायचा होता आणि रोशनीची अट एकच होती: फोटो पाहून आलेल्या माणसाला ती दारात ओळखू आली पाहिजे. पसंती-नापसंती पुढची गोष्ट.

"लोक पोरगी पसंत पडावी म्हून फोटू काढते," शालिनी मला म्हणाली, "आन हे ओळख पटावी म्हून."

"आधार कार्डासारखा," प्रणालीने जोड दिली.

रोशनीने मुलाचाही फोटो मागवला होता, बिनपावडरचा अशी सूचना देऊन. तो आलाही होता. शेतातल्या पंपाशी उभा, कानाला दुपट्टा बांधलेला, उन्हाने डोळे बारीक झालेले. "हा तरी खरा दिसून राहिला," एवढेच ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने तिने तो पुन्हा उलटून पाहिल्याचे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या बागेत गेलो. पाने दवाने जड होती. कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी खोली. तिची खिडकी किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, एवढेच आपल्या हाती असते, असे मी प्रणालीला सांगितले. खिडकी मोठी केली की मागची झाडे वितळतात आणि चेहरा तेवढा उरतो. लहान केली की झाडेही पानापानाने हजर होतात. तिने दोन्ही करून पाहिले. चौथ्या झाडापाशी मी पडद्यावर नजर टाकली, तर रोशनी, बाग, आकाश, सगळेच दुधाळ.

"धुई (धुके) असंन," शालिनी म्हणाली.

"आई, धुई फक्त फोटूतच आहे," प्रणाली म्हणाली.

कारण तिच्या बोटांवर होते. या मुलखात हिवाळ्यात कुणाचे हात रिकामे नसतात. बोलता बोलता संत्रे सोलले जाते आणि सालीतल्या तेलाचा बारीक फवारा उडत राहतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर बोटांचे सुगंधी ठसे पडले होते. मऊ कापडाने भिंग पुसले आणि धुई गेली. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी हात धुवावेत, हा धडा कोणत्याही माहितीपुस्तिकेत मला भेटला नव्हता.

दुपारी जामसांवलीला गेलो. शालिनी हनुमंताच्या दर्शनाला आत गेली आणि आम्ही तिघी बाहेर, प्रसादाच्या दुकानांसमोर, वाऱ्यावर फडफडणाऱ्या भगव्या पताकांचे फोटो काढत बसलो. खिडकी क्षणभरच उघडली तर पताका थिजते, तिची घडीन् घडी मोजावी. अंमळ जास्त उघडी ठेवली तर तीच पताका ज्योतीसारखी पसरते. प्रणाली खुशीत होती. फक्त हलका कॅमेरा हाती आला की तिची चिडचिड व्हायची. "याच्यात एक गोष्ट बदलाची तर पडद्यावर चार दरवाजे उघडा लागते मावशी. तोवर वारा थांबते."

शालिनी परत आली. रोशनीने विचारले, "काय मागितलं व आई?"

"तुह्या तोंडाले लगाम," शालिनी म्हणाली आणि सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

शनिवारी सकाळी खरा फोटो काढायचा होता. शालिनीच्या समोरच्या खोलीत वेचून आणलेल्या कापसाची गंजी छतापर्यंत लागलेली असते आणि या घरात महत्त्वाचा फोटो तिच्यासमोरच निघतो. पाठीशी लक्ष्मी हवी. रोशनी गंजीसमोर बसली, गर्द जांभळ्या साडीत. दारातून मऊ उजेड तिच्या गालावर येत होता. आईने पुढे केलेला पावडरचा डबा तिने हसून परत केला.

प्रणालीने हलका कॅमेरा डोळ्याला लावला. टिक्. पडद्यावर आम्ही चौघी वाकलो. कापूस राखेसारखा मळका आला होता आणि रोशनीचा चेहरा एक काळी आकृती. डोळे, नाक, काहीच नाही.

"पाह्य," शालिनी हळू आवाजात म्हणाली. "म्हून म्हणत होती, स्टुडिओत जाऊ."

प्रणालीने घाईने तो फोटो फोनवर घेतला आणि चेहरा उजळ करायची पट्टी बोटाने सरकवली. काळोखातून एक गुळगुळीत, फिकट मुलगी वर आली. तिला रोशनीची साडी होती, रोशनीचे कानातले होते.

"हे कोण व?" रोशनीने विचारले. तिचा आवाज अगदी शांत होता. ती उठायला लागली.

मी तिला बसवले. म्हटले, कॅमेऱ्याला कापूस माहीत नाही आणि माणूसही माहीत नाही. समोरचे सगळे जग मधल्या राखाडी रंगाचे आहे, असे तो धरून चालतो. एवढे पांढरे एकदम दिसले की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो सगळ्यावरच सावली ओढतो. त्याचे ऐकायचे नाही. त्याला सांगायचे, हे पांढरे आहे ते पांढरेच ठेव.

"सांगू कसं?" प्रणालीने विचारले.

मी तिच्या हाती जड कॅमेरा दिला. त्याच्या पाठीवर, नेमकी अंगठ्याखाली, एक दातेरी चकती आहे, उणे-अधिक करायची. डोळा न काढता ती फिरवता येते. प्रणालीने अंगठा अधिककडे सरकवला. टिक्. अजून थोडा. टिक्. शालिनीने मध्येच विचारले, "चहा ठेवू का?" आणि रोशनी "ठेव ना, दुधाचा ठेव," म्हणून तिच्याकडे वळून हसली, तेवढ्यात आणखी एक टिक्.

त्या शेवटच्या फोटोत कापूस कापसासारखा पांढरा होता, धाग्याधाग्याने फुललेला. आणि त्याच्यासमोर रोशनी होती, स्वतःच्या रंगाची, गालावर दाराचा उजेड घेतलेली, चहा सांगणारी. तिने तो बराच वेळ पाहिला. मग फोनवर घेतला आणि पांढुर्ण्याला पाठवून दिला. शालिनीचा चहा उतू गेला.

रविवारी दुपारच्या गाडीने मला निघणे भाग होते. जड कॅमेरा मी प्रणालीकडेच ठेवून आले, तिला तसाच एखादा वापरलेला मिळेपर्यंत. नवशिक्यांनी कोणता कॅमेरा घ्यावा, असे मला पुष्कळजण विचारतात. पूर्वी मी आकडे सांगत असे. आता सांगते: जो डोळ्याला लावल्यावर बोटांना आपली वाट सापडते, तो घ्या, उरलेले पैसे एका चांगल्या भिंगासाठी ठेवा. कारण यंत्र स्वभावतः सगळ्यांना सारखे करू पाहते. समोरचे माणूस जसे आहे तसे राहू देण्यासाठी आपला अंगठा वेळेवर हलावा लागतो, आणि त्याही आधी त्या माणसाकडे नीट पाहिलेले असावे लागते.

गाडी तिगावला थांबली. पुढे घाट होता, तिथे फोन लागत नाही. उतरत्या उन्हात फलाटावरचे कडुनिंब सोनेरी झाले होते. फोन वाजला. रोशनी होती, मागे पुष्कळ आवाज, कपबशांची किणकिण, कुणाचे तरी मोठ्याने हसणे.

"आले का ते? काय म्हणाले?" मी विचारले. "पसंती कळवली का?"

ती माझ्या प्रश्नाजवळ थांबलीच नाही. तिला जे सांगायचे होते ते तिने एका श्वासात सांगितले.

"ओळखलं."