ज्याचा राग, त्याची बाजू

धड्यातल्या ज्या माणसाचा तुम्हाला राग आला, त्याचीच बाजू उभं राहून मांडायची, हा लिमये बाईंचा नियम. एका धड्यातल्या खाष्ट सासूला मी यथेच्छ नावं ठेवली, तर बाईंनी मलाच सासू केलं. चार वाक्यं जेमतेम बोलले असेन. म्हणाल्या, "हे ती शेजारणीला सांगेल. मनातलं सांग." वेल्ह्याच्या आमच्या शाळेत त्या रोज भोरहून एसटीनं यायच्या. आवाज बारीक, पण नजर अशी, की गाइडमधलं उत्तर घशातच अडकायचं.

दहावीचा निकाल लागला आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिक्षण आता पुरे म्हणून सांगितलं. मला भोरला वसतिगृहात राहून अकरावी करायची होती. बाईंनी फोन करून आप्पांना शाळेत बोलावलं. मला वाटलं, आता बाई त्यांना चांगलं सुनावतील. कसलं काय! आप्पा बाकावर टेकतात न टेकतात, तोच त्या मला म्हणाल्या, "ऊठ. वडिलांची बाजू मांड."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी उठले. पोरगी परगावी एकटी, लोक नावं ठेवतील, पुढं स्थळ मिळायचं नाही, सगळं घडाघडा बोलून टाकलं. आप्पा मान डोलावत होते.

"हे लोकांना सांगायचं झालं," बाई म्हणाल्या. "मनातलं काय?"

ते मला ठाऊक होतं, म्हणूनच तोंडातून निघेना. आप्पांनी गुडघे घट्ट धरले होते. बाई माझ्यावरची नजर काढेनात. त्यांचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

"आई गेल्यापास्नं घरात आमी दोघंच," मी म्हणाले. "मी गेले की आप्पांशी बोलाया कुणी न्हाई."

आप्पा ताडकन उठले आणि दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. वाटलं, संपलं सगळं. बाईंचा चेहराही उतरला होता. तो तसा मी पहिल्यांदाच पाहिला.

"व्हय, खरं हाय," आप्पा बाहेर बघतच म्हणाले. "पर तेवढ्यापायी पोरीला घरी बसवली, असं म्या कुणाला सांगू?"



आप्पा वळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी येत जा. भाकरी म्या करून ठिवीन."

बाई घाईघाईनं फळा पुसायला लागल्या. सुट्टी चालू होती. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.